वरच्या माणसाचं तोंड

"अरे मुडद्या, डोल भरलास की त्यात झोपलास?"

थोरल्यानं विहिरीत वाकून आवाज टाकला आणि उत्तराची वाट न बघता रहाटाच्या दांड्याला हात घातला. पाचसहा पुरुष खोलीवरून धाकट्याचा आवाज आला, "ओढ!"

"ओढ म्हणे! तुझ्या बापाचा नोकर आहे का रे मी?"

"बाप एकच आहे की आपला!"

"तोंड वर करून बोलू नकोस, भाड्या! डोळ्यात माती जाईल!"

दुसऱ्या दांड्यावर विहीर खणून घेणाऱ्या बागवाल्यानं दिलेला गडी होता. तो हसून हसून बेजार झाला. दोन खांबांवर आडवा ओंडका, ओंडक्यावर गुंडाळलेला दोर, दोराला लोखंडी डोल, असा तो रहाट. दोघांनी फिरवला की कुरकुरत मातीचा डोल वर यायचा. ओली, लालसर, चिकट माती. थोरला ती चिमटीत घेऊन चोळायचा, हुंगायचा, आणि मग ढिगावर टाकायचा.

विहिरी खणणं हा त्यांच्या घरचा पिढीजात धंदा. एक भाऊ खाली, एक वर. खाली उतरलेल्या माणसाला वर बघितलं तर आभाळाची थाळी दिसते, तेवढीच. दोर कुणाच्या हातात आहे, तो जागा आहे की पेंगतोय, पाणी प्यायला गेलाय की काय, काही कळत नाही. म्हणून वरच्यानं गप्प बसायचं नाही, असा ह्या धंद्याचा नियम. कुणी गाणं म्हणतं, कुणी शीळ घालतं. ह्यांच्या घरात शिव्या देत. आजा देत असे, बाप देत असे, आता थोरला देत होता. शिवी आली की खालचा निर्धास्त कुदळ मारायचा. वरचा जागेवर आहे, दोर पक्का आहे, आणि त्याचं सगळं लक्ष आपल्यावर आहे, एवढं सगळं त्या एका शिवीत असायचं. गावानं थोरल्याचं नाव भोंगा ठेवलं होतं, त्याचंही त्याला काही वाटत नसे.

हे सगळं घरात नव्यानं आलेल्या भावजयीला कुणी समजावून सांगितलं नव्हतं. सांगायचं असतं हेच कुणाला सुचलं नाही.

ती घड्याळं दुरुस्त करणाऱ्याची मुलगी. त्या घरात शिंकसुद्धा तोंडावर हात धरून द्यायची. एखादा बारीक स्क्रू उडाला तर दिवस वाया. त्या दिवशी ती पहिल्यांदाच दुपारचं जेवण घेऊन विहिरीवर आली. मातीच्या ढिगामागे होती तेव्हाच तिनं थोरल्याची सगळी आरती ऐकली. डबा तिनं झाडाच्या मुळाशी ठेवला, आणि एक शब्द न बोलता आल्या पावली परत गेली.

संध्याकाळी दोघं हातपाय धुऊन बसले, तर ताटं वाढलेली नव्हती. ती चुलीपाशी उभी होती, हाताची घडी घालून.

"भाऊजी, एक विचारू?"

"विचार की."

"मुडदा कुणाला म्हणतात?"

थोरल्यानं भावाकडे पाहिलं. भाऊ स्वतःच्या नखातली माती काढण्यात गढून गेला.

"ती आपली बोलायची रीत आहे, पोरी. तोंडाला वळण पडलंय."

"जमिनीच्या पोटात उतरलेल्या माणसाला वरून मुडदा म्हणायचं, ही रीत? मरण काय बहिरं आहे? रोज हाक मारता, एखाद्या दिवशी ओ देईल ना ते!"

"अगं, दादाची शिवी म्हणजे..." धाकट्यानं तोंड उघडलं.

"तुम्ही गप्प बसा. तुमच्या अंगवळणी पडलंय म्हणून माझ्या पडणार नाही. आणि आईवरून देता, भाऊजी, ती तर तुमचीही आई!"

"म्हणून तर देतो," थोरला म्हणाला. "दुसऱ्याच्या आईवरून दिली असती तर आतापर्यंत दात राहिले असते का तोंडात?"

धाकटा फिस्सकन हसला. ती हसली नाही.

"बाबांनी कधीचं बोलावलंय ह्यांना दुकानात. तिथं कुणी मातीखाली जात नाही. उद्या सकाळी आम्ही निघतो."

चुलीतलं लाकूड तडतडलं. धाकटा बायकोकडे बघत राहिला; हे त्यालाही नवीन होतं. थोरला काही म्हणायला गेला आणि ओठावर नेमकी शिवीच आली. ती त्यानं कशीबशी गिळली.

"नाहीतर?" त्यानं विचारलं.

"नाहीतर शपथ घ्या. ह्यांच्या डोक्यावर हात ठेवून. नुसती हवेतली नको."

थोरल्यानं जन्मात शिव्या किती दिल्या ह्याचा हिशेब देवालाही ठेवता आला नसता. शपथ मात्र एकच घेतली होती. आई जाताना, तिच्या उशाशी बसून, ह्या पोराला सांभाळीन म्हणून. ती पाळता पाळता त्याचं स्वतःचं लग्न राहून गेलं होतं. शब्द भुसासारखे उधळणारा हा माणूस शपथेला असा भ्यायचा, की बाजारात कुणी 'शपथेवर सांगतो' म्हणालं तरी तिथून काढता पाय घ्यायचा.

तो उठला. धाकट्याच्या डोक्यावर त्यानं हात ठेवला. धुतलेल्या केसांतही विहिरीची माती बोटांना लागत होती.

"विहिरीवर उभा असताना तोंडातून शिवी काढणार नाही. काढली तर..."

"तर काय ते बोलू नका," ती घाईनं म्हणाली. "कळलं."

मग तिनं ताटं वाढली. पण कुणाला घास गोड लागला नाही.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर शांतता पसरली. रहाट कुरकुरायचा, माती धपकन पडायची, बस्स. थोरला ओठ घट्ट मिटून दांडा फिरवत होता. तोंड उघडलं तर काय बाहेर पडेल ह्याचा त्याला भरवसा नव्हता.

"दादा, आहेस ना?" खालून हाक आली.

"आहे."

थोड्या वेळानं पुन्हा. "दादा?"

"आहे रे."

गडी म्हणाला, "मालक, दाढ दुखते का?"

"तू दांडा फिरव."

काम पुढे सरकेना. धाकटा दर चार घावांनी वर बघायचा, आणि वर बघितलं की डोळ्यात माती. त्याच्यापुढचा दिवस असाच गेला. थोरल्यानं ठरवलं, गप्प राहून भागत नाही, तर चांगलं बोलावं. लोक बोलतातच की. तो विहिरीत वाकून म्हणाला, "थकलास का? बस जरा. पाणी पाठवू?"

खाली कुदळ थांबली. मग धाकटा घाबऱ्या घाबऱ्या म्हणाला, "मला वर ओढ."

वर आला तो पांढराफटक. दोर त्यानं हातभर हातभर करून सगळा तपासला. मग ढिगावर बसून म्हणाला, "दादा, तू मुका राहा, माझी हरकत नाही. पण गोड बोलू नकोस. गोड ऐकलं की मला बाबाच दिसतात."

थोरल्यालाही तेच दिसत होतं. त्यांचा बाप शिव्यांचा बादशहा. साऱ्या हयातीत पोरांना त्यानं धड नावानं हाक मारली नाही. थोरला मिसरूड फुटण्याच्या वयात रहाटावर उभा राहायला लागला होता, धाकटा तेव्हा त्याच्या पायाशी मातीत खेळायचा. एका सकाळी खाली असलेल्या बापाला काहीतरी दिसलं. काय, ते कळलं नाही. खालून त्याचा आवाज आला, इतका हळू की ओळखू येईना: "बाळा, काठापासून मागं सर. धाकट्यालाही घे. हळू." थोरला मागं सरला, आणि विहीर बापासकट आतल्या आत बसली. बापाच्या तोंडून तो शब्द तेवढा एकदाच ऐकला होता दोघांनी.

"नाही बोलणार गोड," थोरला म्हणाला. "पण शिवी देता येत नाही रे. तुझ्या डोक्यावर हात ठेवलाय."

"माहीत आहे."

"मग काय करू? शीळ येत नाही मला. गाणं म्हणू?"

"नको, नको," धाकटा घाईनं म्हणाला, "विहीर पाण्याआधी बुजेल." दोघं हसले, आणि लगेच हसायचे थांबले.

चिकट माती संपून वाळूचा थर लागला तो त्यानंतर. विहीर खणणाऱ्याला वाळू लागली की आनंदही होतो आणि धडकीही भरते. पाणी जवळ आलेलं असतं. आणि ओली वाळू कुणाचं ऐकत नाही. थोरल्यानं चिमूट चोळून पाहिली आणि त्याचं तोंड कडू झालं. "आज दुपारपर्यंतच," तो गड्याला म्हणाला. "उद्यापासून लाकडाच्या फळ्या लावल्याशिवाय एक घाव नको."

दुपार व्हायला आली. भावजय डबा घेऊन येताना दिसली. गडी तिच्याकडे बघत होता. थोरल्याचं लक्ष नेहमीसारखं विहिरीत. आणि त्याला ते दिसलं. तळापासून पुरुषभर वर, माती संपून वाळू लागली होती तिथं, विहिरीच्या भिंतीतून वाळूची एक बारीक धार सुटली होती. करंगळीएवढी. पिठाच्या चाळणीतून पीठ पडावं तशी, आवाज न करता, धाकट्याच्या बरोबर पाठीमागं.

धाकटा वाकून डोल भरत होता. त्याला काही कळलं नव्हतं.

एरवी थोरल्याला विचारही करावा लागला नसता. 'मुडद्या, चढ वर' एवढं बोलायला श्वासही लागत नाही. तेच शब्द जिभेच्या टोकावर आले आणि त्यानं दात आवळले. दुसरा शब्द शोधायला लागला. एकही सापडेना. आणि मग, कुठून कोण जाणे, बापाच्याच आवाजात त्याच्या तोंडून निघालं, "बाळा."

खाली फावडं थांबलं.

"काय म्हणालास?"

"बाळा, डोल रिकामा कर. आत पाय टाक. हळू."

फावडं हातातून पडलं. धाकटा उभा राहिला, मागं सरला, सरला, आणि पाठ विहिरीच्या कडेला लावून तसाच चिकटला. ती धार आता त्याच्या खांद्यावर पडत होती.

"कुठली बाजू, दादा? कुठली बाजू येतेय?"

"तुझ्या पाठची! पुढे हो!"

"पाय हलत नाहीत."

"हलतील, बाळा..." पुन्हा तेच! थोरल्यानं स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली.

भावजय धावत आली. डबा कुठं टाकला तिचं तिलाच कळलं नाही. काठाशी आडवी पडून ती ओरडली, "अहो! या ना वर! डोल समोर आहे तुमच्या!"

"तू का आलीस?" खालून आवाज आला, विझल्यासारखा. "जा घरी. बघू नकोस. दादा, तिला मागं घे."

"घे म्हणे मागं!" थोरला कुजबुजला. हेच बाप बोलला होता.

गडी अंगरखा काढत होता. "उतरू का मी?"

"तू उतरलास तर ओढायचं कुणी? दांडा धरून उभा राहा तिथं." मग थोरला भावजयीकडे वळला. त्याचा आवाज फाटला होता. "पोरी, शपथ सोडव."

"काय?"

"तू घातलीस, तूच सोडव. तो गोठलाय. मी चांगलं बोलतोय म्हणून गोठलाय! त्याला वाटतंय सगळं संपलं, म्हणून मी चांगलं बोलतोय. शिवी ऐकली की पाय सुटतील त्याचे."

ती त्याच्याकडे बघतच राहिली. मातीनं माखलेला, रडवेला झालेला हा दांडगा माणूस शिवीची परवानगी मागत होता. त्याचं खरं आहे हे तिला त्याच्या तोंडावरून कळलं. शब्दांतून कळायला वेळच नव्हता.

"शपथ सोडवता येते होय?" ती रडत म्हणाली. "आमच्यात नाही हो सुटत. घेतली ती घेतली. त्यांच्या डोक्यावर आहे ती, भाऊजी! तुम्ही मोडू नका. मी देते!"

आणि तिनं विहिरीत तोंड घालून, सगळं बळ एकवटून शिवी दिली. "गाढवा! वर ये, गाढवा!"

खालून धाकटा म्हणाला, "दादा, ती का रडतेय? इतकं वाईट आहे का?"

कडेचा हंड्याएवढा लगदा सुटला आणि धाकट्याच्या पायाशी बदकन पडला. धार आता मनगटाएवढी झाली होती.

थोरल्यानं स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं. ह्याच हातानं शपथ घेतली होती. बोललो तर शपथ मारणार, न बोललो तर विहीर. शपथेला निदान वाट बघता येईल, वाळूला नाही. एवढाच विचार त्याच्या मनात आला. आला असेल तर. त्यानं छाती भरून घेतली.

"अरे ए मुडद्या! रांडेच्या! भिंतीला काय पाल होऊन चिकटलास? बापजाद्यांनी विहिरी खणल्या आणि तू आत उभा राहून मुततोस होय रे, भाड्या? पाय टाक डोलात! तुझ्या आयला तुझ्या, मी काय जन्मभर दांडा धरून उभा राहू? टाक पाय, नाहीतर वरून धोंडा घालतो टाळक्यात!"

शब्द विहिरीत घुमत खाली गेले. खालून एक आवाज आला, हुंदका होता की हसू, सांगता येणार नाही. मग धाकट्याचं नेहमीचं, खणखणीत, चिडकं उत्तर आलं:

"ओरडतोस कशाला? ओढ!"

"ओढ म्हणे!" थोरल्यानं दांड्यावर अंग टाकलं. दुसऱ्या दांड्यावर गडी आणि भावजय दोघंही लोंबकळले. ओंडका करकरला. थोरल्याचं तोंड एकदा जे सुटलं ते थांबेना. गड्यालाही माहीत नसलेल्या शिव्या त्या दुपारी त्या बागेत ऐकू आल्या. धाकट्याचं डोकं काठाच्या वर दिसलं, भावजयीनं त्याची गचांडी धरून त्याला बाहेर ओढलं, आणि त्यांच्या पायाखालची जमीन हादरली. आत काहीतरी मोठं, ओलं, जड बसलं. धूळसुद्धा फारशी उडाली नाही. गडी वाकून बघून आला आणि अंगरखा पुन्हा घालायला लागला.

धाकटा ढिगावर उताणा पडून धापा टाकत होता. बायको त्याच्या कानांतली वाळू बोटानं काढत होती, आणि मधूनच त्याला मारत होती. थोरला मात्र दूर, झाडाच्या बुंध्याशी जाऊन बसला. भावाला त्यानं हात लावला नाही.

"दादा, इकडे ये ना," धाकटा म्हणाला.

"नको."

"अरे, जिवंत आहे मी!"

"आज आहेस," थोरला म्हणाला. "मोडली ना मी."

भावजयीच्या मनातही नेमकं तेच होतं. ती चालत त्याच्यापाशी गेली, समोर मातीत बसली. "मीच घालायला नको होती," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून थोरल्यानं धाकट्याला विहिरीजवळ फिरकू दिलं नाही. बागवाला म्हणाला, जागा बदला, त्या कोपऱ्यात खणा, पाणी तर मला हवंच आहे. भावजय मात्र माहेरचं नाव काढीना, आणि धाकटाही घड्याळाचं नाव काढीना. शेवटी एका सकाळी थोरल्यानं नव्या जागेची आखणी केली. विहिरीचं तोंड मोठं घेतलं, बाजूंना उतार ठेवला, फळ्या आणून रचल्या. खोली पुरुषभर झाली, दोन पुरुष झाली, आणि रहाट उभा राहिला तेव्हा त्यानं स्वतः कुदळ उचलली.

"खाली मी," तो म्हणाला.

"तू? दादा, बाबा गेल्यापासून तू एकदाही उतरला नाहीस."

"म्हणूनच. ती शपथ तुला शोधत असणार. शोधत आली तर तू तिला खाली सापडायचा नाहीस. तू वर उभा राहायचं. हिच्याशेजारी."

हुज्जत घालून उपयोग नव्हता. डोलात पाय घालून, दोराला मिठी मारून थोरला खाली उतरला. पाय टेकले. त्यानं वर पाहिलं. आभाळाची थाळी. ओल्या मातीचा वास. काहीही ऐकू येईना.

"धाकट्या!"

"आहे, दादा," वरून मऊ आवाज आला. "नीट आहेस ना? सावकाश कर हं."

थोरल्याची पाठ आपोआप भिंतीला टेकली. आता त्याला कळलं, वरून हे कसं ऐकू येतं ते.

"अरे, असं बोलू नकोस! शिवी दे!"

वर कुजबुज झाली. "दादा, तुला कशी देऊ? मोठा भाऊ आहेस. जीभच वळत नाही."

"वळव! हातात कुदळ धरवत नाही मला!"

"नाही रे जमत, दादा..." आणि धाकटा खरंच रडकुंडीला आला.

वर कुणीतरी त्याला बाजूला सारलं. आभाळाच्या थाळीत भावजयीचं डोकं दिसलं. घड्याळवाल्याच्या घरी असलं काही शिकवत नाहीत; पण विहिरीच्या काठावर उभं राहून तिनं ऐकलं होतं सगळं, आणि तिची स्मरणशक्ती चांगली होती. फक्त मरणाचा शब्द तेवढा तिनं वगळायचा ठरवला होता.

"अहो भाड्ये भाऊजी!" ती कडाडली. "भिंतीला पाठ लावून काय उभे राहिलात? तिकडं काय तुमची सासुरवाडी आहे? रेडे कुठले! डोळे घरी ठेवून आलात का? उचला ती कुदळ, तुमच्या आयला तुमच्या, नाहीतर दोर सोडून मी घरी जाईन!"

गडी दांड्यावर डोकं टेकून हसायला लागला. धाकट्यानं दोन्ही कानांवर हात ठेवले.

खाली थोरल्याची पाठ हळूहळू भिंतीवरून सुटली. त्यानं कुदळ उचलली, हातात तोलली, आणि पहिला घाव घालण्याआधी वर तोंड करून ओरडला, "थांबायचं नाही, पोरी! मी वर येईपर्यंत थांबायचं नाही!"

"तोंड खाली करा, मेल्या, माती..." ती बोलता बोलता अडखळली, जीभ चावली, आणि दुप्पट जोरानं पुन्हा सुरू झाली.